विचारलं तेवढंच

कोलकात्याच्या न्यू टाउनमधल्या या अकराव्या मजल्यावर मला फाल्गुन कळतो तो दोन खुणांनी. खाली रस्त्याच्या कडेला बिल्डरच्या तावडीतून सुटलेली एकच काटेसावर आहे, इथे तिला शिमूल म्हणतात, ती पानं झाडून लालभडक होते; आणि टीव्हीवर अधिवेशन सुरू होतं. मग मी रोज प्रश्नोत्तरांचा तास लावून बसते. सून म्हणते, "आई, तुमच्या वयाच्या बायका कीर्तन बघतात." बघोत बापड्या. मला या तासाचा नाद लहानपणापासून आहे आणि तो आता सुटायचा नाही.

परवा नात शेजारी येऊन टेकली. तिचं मराठी इथे वाढलेल्या सगळ्या मराठी मुलांसारखं, निम्मं आमचं आणि निम्मं शेजाऱ्यांचं. थोडा वेळ बघून म्हणाली, "आजी, ती बाई विचारते एक आणि हा माणूस सांगतो दुसरं. कोणी रागावत का नाही?"

"रागावून काय होणार? पुरवणी प्रश्न विचारायचा."

"ते काय असतं?"

ते काय असतं हे सांगायला मी तोंड उघडलं, आणि उत्तराच्या आधी बागबाजारच्या रस्त्याचा वास आला. पहाटे पालिकेची माणसं जाड नळ्यांनी गंगेच्या गढूळ पाण्याने रस्ते धुवायची. रस्त्याच्या दगडांवर ते पाणी पडलं की चिखल, कोळशाची राख आणि आदल्या दिवशीचे झेंडू असा मिळून एक वास उठायचा. उत्तर कोलकात्यात वाढलेल्या माणसाला तो वास शंभर अत्तरांतून ओळखता येईल. पौष-माघातला खजुराचा नवा गूळ संपत आलेला असायचा, बाजारात शेवग्याची फुलं वाट्यांनी मिळायची आणि कडुनिंबाची कोवळी पालवी वांग्याबरोबर तळून पहिल्या घासाला खायची सक्ती असायची, कारण हे देवीच्या साथीचे दिवस. आम्ही मराठी असलो तरी या बाबतीत आई पक्की बंगाली होती. तोंड वाकडं केलं की म्हणायची, "आत्ता कडू खा, म्हणजे पुढे सुया टोचायला नकोत."

आम्ही एका जुन्या घराच्या दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. बर्ग्यांच्या, म्हणजे मराठ्यांच्या, स्वाऱ्या अडवायला या शहराने एके काळी खंदक खणला, तो आमच्या घराच्या जवळपासच सुरू व्हायचा. तो कधीच बुजून गेला होता, पण त्याची आठवण बुजली नव्हती. खालच्या मजल्यावरच्या रेणूबौदी, म्हणजे रेणूवहिनी, जिन्यात भेटल्या की हटकून म्हणायच्या, "एवढा खंदक खणून फायदा काय झाला? शेवटी बर्गी डोक्यावर येऊन राहिलेच!" आई हसून उत्तर द्यायची, "खंडणी म्हणून तुमच्या हातचं शुक्तो पाठवा, म्हणजे लुटणार नाही." आणि शुक्तोचा, त्या कडसर भाजीचा, वाडगा खरंच वर यायचा. बदल्यात होळीला पुरणपोळ्या खाली जायच्या. बौदींच्या सासूबाई त्या रसगुल्ल्याच्या पाकात बुडवून खायच्या. आई ते बघायची नाही, मान फिरवायची.

आता वडिलांबद्दल सांगते. माझे वडील उत्तरं लिहीत.

म्हणजे असं, की आमदार मंडळी सरकारला लेखी प्रश्न पाठवतात. नळाला पाणी का नाही, शाळेला छप्पर कधी, रस्ता कोणी खाल्ला. ठरलेल्या दिवशी सभागृहात मंत्री उभे राहतात आणि उत्तर वाचून दाखवतात. पण ते उत्तर मंत्री थोडेच लिहितात? ते खात्यात कुणीतरी लिहितो. डलहौसी चौकातल्या एका सरकारी खात्यात ते लिहिणारे होते माझे वडील. खात्याचं नाव सांगत नाही. त्यांना आवडलं नसतं, आणि कुणी विचारलंही नाही.

फाल्गुन-चैत्र हा आमच्या घरी प्रश्नांचा हंगाम. कोकणात आंब्यांचा असतो, नागपुराकडे संत्र्यांचा असतो, तसा आमचा प्रश्नांचा. बाबा सकाळची लवकरची ट्राम पकडायचे, दिवेलागणीनंतर परतायचे, आणि त्यांच्या बोलण्यात सगळी ती सरकारी वळणं उतरायची. एरवीही ते मोजकंच बोलत. त्यांचा नियम एकच होता : विचारलं तेवढंच सांगायचं, एक अक्षर जास्त नाही. खोटं तर त्यांनी जन्मात लिहिलं नाही. पण "जेवलात का?" असं विचारलं तर "होय" म्हणून गप्प बसायचे. काय जेवलात, हा वेगळा प्रश्न होता आणि तो वेगळा विचारावा लागे.

आम्ही भावंडांनी त्याचा खेळ केला होता. शनिवारी ते आरामखुर्चीत बसले की मी समोर उभी राहायची, "मंत्रिमहोदय कृपा करून सांगतील काय, की (क) उद्या रविवार आहे, हे खरे आहे काय, आणि (ख) असल्यास, मुलांना चिडियाखान्यात वाघ दाखवायला नेण्याचा त्यांचा विचार आहे काय?"

बाबा वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणायचे, "(क) होय. (ख) विचाराधीन आहे."

मग माझा धाकटा भाऊ ओरडायचा, "पुरवणी प्रश्न! कधीपर्यंत विचाराधीन?" आणि आई स्वयंपाकघरातून, "गणितं झाल्याशिवाय प्रश्न उद्भवत नाही!" हे 'उद्भवत नाही' आमच्या घरचं फार लाडकं होतं. दुसरी जिलबी? उद्भवत नाही. शाळेला दांडी? उद्भवत नाही. प्रश्नाच्या पहिल्या भागाला 'नाही' असं उत्तर आलं की दुसऱ्या भागापुढे सरकार 'प्रश्न उद्भवत नाही' हे तीन शब्द ठेवून मोकळं होतं, हे मी पाढे पाठ होण्याच्या आधी शिकले होते. आणखी एक शिकले होते. ज्या प्रश्नापुढे तारा छापलेला असतो त्याचं उत्तर मंत्र्याला तोंडी द्यावं लागतं, आणि ते उत्तर ऐकून तिथल्या तिथे आणखी विचारता येतं. तोच पुरवणी प्रश्न. बिनताऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर नुसतं छापून येतं, ते मुकाट वाचायचं.

मी सांगतेय तो फाल्गुन पहिल्या मोठ्या निवडणुकीनंतरचा. बोटाला शाई लावून आलेल्या बायकांना आपण काहीतरी केलंय असं अजून वाटत होतं. बाजारात मासेवाला भाव वाढवून सांगू लागला तर त्याला "थांब, मास्टरमोशाईंना प्रश्न घालायला सांगते" अशी धमकी मिळत असे. मास्टरमोशाई म्हणजे आमच्या भागाचे आमदार. जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेला, धोतराची निरी कायम खडूने पांढरी, आता विरोधी बाकावर बसत. माणूस सोन्यासारखा, फक्त बोलायला लागला की थांबत नसे.

त्या फाल्गुनात रेणूबौदींना सातवा महिना होता.

आधीच्या वर्षी त्यांचं पहिलं बाळ जन्मताच गेलं होतं. घरी सुईण एकटी होती, काहीतरी अडलं, आणि पुरुष डॉक्टरला सासूबाईंनी उंबरा ओलांडू दिला नाही. हॉस्पिटलचं नाव काढलं की त्या कानांवर हात ठेवत. त्यांच्या घरातलं कोणीतरी तिथे गेलं होतं ते परत आलं नव्हतं. बौदींचे यजमान बराकपूरच्या बाजूला एका तागाच्या गिरणीत हिशेबनीस, आठवडाभर तिकडे आणि शनिवारी घरी. त्यांचं आईपुढे काही चालत नसे. सासूबाईंना एकच तोडगा मान्य होता, तो म्हणजे गल्लीच्या तोंडाशी असलेल्या सरकारी दवाखान्यातली बाई डॉक्टर घरी आली तर चालेल. त्या बाई पूर्वी अडल्यानडलेल्या घरी जातही असत. पण थंडीच्या आधीपासून त्यांची खुर्ची रिकामी होती. निंबाच्या झाडाखालच्या बाकावर पोटुशा बायका सकाळभर बसत आणि उठून घरी जात. रेणूबौदीही बसत. एकदा मी आईबरोबर तिथून जात होते तेव्हा त्या आईला म्हणाल्या, "दीदी, या खेपेला पण असंच झालं तर मी नाही राहणार." जिन्यात खंदकावरून थट्टा करणारी बाई ती, एवढंच बोलली आणि पदराने घाम पुसला.

आई सकाळच्या शाळेत मुलींना बंगाली शिकवायची. बंगाल्यांना मराठी बाईने बंगाली शिकवावं यावर गल्लीत पुष्कळ विनोद झाले होते आणि सगळे जुने झाले होते. तिने आळीतल्या चार बायका गोळा केल्या आणि एका संध्याकाळी सगळ्या मास्टरमोशाईंच्या बैठकीच्या खोलीत जाऊन बसल्या. मी मागे भिंतीला टेकून. आधी पापडांवर बोलणं झालं, मग उकाड्यावर, मग मास्टरमोशाईंच्या गुडघ्यांवर. सगळ्या ताकाला जाऊन भांडं लपवत होत्या. शेवटी मास्टरमोशाईच म्हणाले, "माझा गुडघा बरा आहे हो, आता तुमचं दुखणं सांगा."

सांगितल्यावर ते ताडकन उठले. "विचारतो! तारांकित प्रश्न घालतो! सरकारला जाब द्यावा लागेल!"

प्रश्न तिथेच ठरला. सदर दवाखान्यातली लेडी डॉक्टरची जागा रिकामी आहे, हे खरे आहे काय. आणि असल्यास ती केव्हा भरणार?  आपण सरकारी नोकराची बायको, आपलं नाव कुठे यायला नको, म्हणून आई सगळ्यांत मागे बसली होती. परत येताना ट्रामच्या रुळांपाशी मी विचारलं, "बाबांना सांगायचं नाही?"

"सांगितलं तर त्यांना साहेबांना सांगावं लागेल, की माझ्याच घरातून प्रश्न आलाय. त्यांना कशाला कात्रीत धरायचं?"

"आणि त्यांनी विचारलं तर?"

"तर खरं सांग," आई म्हणाली. "विचारलं तेवढंच."

बाबांनी काही विचारलं नाही. ते नेहमीप्रमाणे प्रश्नांच्या हंगामात बुडालेले होते. आम्ही मात्र वाट बघत होतो. बौदी रोज संध्याकाळी मास्टरमोशाईंच्या घरावरून फेरी मारून यायच्या. चालणं पोटासाठी चांगलं असतं म्हणायच्या, पण खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. जुन्या साड्यांच्या काथा, म्हणजे बाळाच्या गोधड्या, शिवून ठेवल्या होत्या, आणि त्या कुणाला दाखवायच्या नाहीत असं सासूबाईंनी बजावलं होतं. बाळ येण्याआधी तयारी दाखवली तर दृष्ट लागते. मला मात्र बौदींनी एकदा हळूच दाखवल्या. एकीवर मासा होता, एकीवर पालखी.

उत्तर आलं. मास्टरमोशाईंच्या घरून बातमी आळीभर पसरली. मंत्री उभे राहिले आणि म्हणाले, "(क) नाही. (ख) प्रश्न उद्भवत नाही." मास्टरमोशाई पुरवणी प्रश्नासाठी उठले, आणि त्यांनी प्लासीच्या लढाईपासून सुरुवात केली. मध्ये दुष्काळ आला, फाळणी आली, माता-भगिनी आल्या. अध्यक्षांनी विचारलं, "हा प्रश्न आहे की भाषण?" मास्टरमोशाई प्रामाणिक माणूस, क्षणभर विचार करून म्हणाले, "भाषण." अध्यक्षांनी पुढचा प्रश्न पुकारला. झालं.

बौदी आमच्याकडे वर आल्या, जिना चढायला त्यांना बंदी असूनही. "म्हणजे काय, दीदी? जागा रिकामी नाही? मग मी रोज बघते ती काय?"

आईचा चेहरा मला अजून दिसतो. तिला उत्तर कळलं होतं, आणि ते कोणाच्या हातचं आहे हेही कळलं होतं. इतकं आटोपशीर, इतकं बिनचूक उत्तर त्या खात्यात दुसरं कोण लिहिणार? संध्याकाळी बाबा आले. भावाने जेवताना नेहमीसारखा आणखी एक पापड मागितला आणि आपणच खदखदून हसत म्हणाला, "प्रश्न उद्भवत नाही!" आईने पापड त्याच्या पानात वाढला आणि म्हणाली, "हे शब्द या घरात पुन्हा नकोत." बाबांनी मान वर करून पाहिलं. आईने त्यांना भात वाढला. त्या दिवसापासून आमचा तो खेळ बंद झाला. रविवार येत गेले आणि मंत्रिमहोदयांना कुणी काही विचारलं नाही.

आई दुसऱ्याच दिवशी शाळेतून परस्पर दवाखान्यात गेली. तिथल्या कंपाउंडरने उलगडा केला. जागा रिकामी नव्हतीच. बाईंच्या नावाची पाटी दारावर होती, पगारही निघत होता. फक्त बाईंना तात्पुरतं म्हणून पूर्व बंगालातून आलेल्या लोकांच्या एका छावणीत पाठवलं होतं, देवी टोचायला आणि बाळंतपणं करायला. तात्पुरतं म्हणजे किती, हे त्यालाही माहीत नव्हतं. "तिकडेही बायकाच आहेत, दीदी," तो म्हणाला. आईने ते घरी येऊन मला जसंच्या तसं सांगितलं, कारण दुसरं कुणाला सांगणार? "त्या बाईला तिथून ओढून आणायचं नाहीये," ती म्हणाली. "पण इथे कुणी नाही एवढं तरी कुणी कबूल करायला हवं की नको?"

त्याच आठवड्यात बाबा माझा इतिहास घेत होते. मी उत्तरं फार लांब लिहायची; आजही लिहिते. बाबा वहीत लाल रेघा मारत म्हणाले, "विचारलंय तेवढंच लिही. तहाची कलमं विचारलीत, तू घोड्यांचे रंग सांगतेस."

आई भाताचं पातेलं उतरवत होती. तशीच फडकं हातात घेऊन दारात आली. "आणि परीक्षकाला सगळंच काढून घ्यायचं असेल तर?"

"तर परीक्षकाने प्रश्न नीट विचारावा," बाबा म्हणाले. "'आहे काय' असं विचारलं की 'नाही' म्हणून सुटता येतं. काय घडलं ते विचारलं की घडलं ते सांगावंच लागतं." आणि ते पुन्हा माझ्या घोड्यांकडे वळले.

आई तिथेच उभी राहिली. चुलीवर भाजी लागली, तिचा वास आला, तरी उभी होती. घरात करपलेलं कधी चालायचं नाही, त्या दिवशी बाबांनी करपलेली भाजी निमूट खाल्ली.

दुसऱ्या संध्याकाळी ती एकटीच, म्हणजे मला धरून, मास्टरमोशाईंकडे गेली. आता मागे बसली नाही. दुसरा प्रश्न तिने सांगितला आणि मास्टरमोशाईंनी लिहून घेतला. सदर दवाखान्यात दुर्गापूजेपासून आजवर लेडी डॉक्टरांनी किती दिवस रोगी तपासले. आणि ज्या दिवशी तपासले नाहीत, त्या दिवशी आलेल्या बायकांना कोणी तपासले? मास्टरमोशाईंनी तो दोनदा वाचला. मग चष्मा काढून म्हणाले, "यात तर पळायला दारच नाही!"

"आणि मास्टरमोशाई, राग येऊ देऊ नका," आई म्हणाली, "पुरवणी विचारायची वेळ आली तर भाषण नको. वर्गात मुलांना विचारत होतात तसं विचारा. एका ओळीत."

"एका ओळीत," त्यांनी लहान मुलासारखं कबूल केलं.

तो दिवस चैत्रातला. पाडवा नुकताच होऊन गेला होता; आमच्या गुढीला बौदींच्या सासूबाईंनी आपल्या हाताने कडुनिंबाची डहाळी बांधली होती आणि या कळशीच्या देवाचं नाव काय, म्हणून विचारलं होतं. मास्टरमोशाईंनी प्रेक्षकांच्या सज्जाचे पास दिले होते. आईने शाळेतून रजा घेतली, ठेवणीतली तांबड्या काठांची साडी नेसली. एस्प्लनेडला ट्राममधून उतरून आम्ही मैदानाच्या कडेने चालत गेलो. हिरवळ, पांढरा घुमट, दारात पगडीवाला शिपाई. त्याने आईची छत्री काढून घेतली आणि माझ्या हातातला चुरमुऱ्यांचा कागदी ठोंगाही. "वाकायचं नाही, बोलायचं नाही, टाळी वाजवायची नाही," त्याने बजावलं. मला वाटलं होतं आत दरबारासारखं काहीतरी असेल. आत तर पंखे फिरत होते, कोणी जांभया देत होतं, कोणी कागद चाळत होतं, आणि एक गृहस्थ चक्क नखं तपासत होते. एवढ्या साध्या माणसांपुढे बौदींचं बाळ येऊन ठेपलं होतं, याचं मला नवल वाटलं आणि थोडी भीतीही.

मंत्र्यांच्या मागे एका बाजूला अधिकाऱ्यांची जागा होती. तिथे वरून मला एक ओळखीचं टक्कल दिसलं. "आई, बाबा!" मी कुजबुजले. आईने माझा हात दाबला. तिने ते आधीच पाहिलं होतं.

प्रश्न पुकारला गेला. मंत्री उठले, कागद डोळ्यांसमोर धरला.

"(क) एकही दिवस नाही. (ख) कोणीही नाही."

सभागृहात जरा कुजबुज झाली. नखंवाल्या गृहस्थांनी मान वर केली. मास्टरमोशाई उठायच्या बेतात होते, धोतर सावरत होते. पण मंत्री खाली बसले नाहीत. कागदावर अजून काहीतरी होतं. त्यांनी स्वतःही ते जरा थांबून पाहिलं आणि मग वाचलं, "छावणीतील काम पूर्ण होईपर्यंत सदर दवाखान्यात दुसऱ्या लेडी डॉक्टरांची नेमणूक करण्यात आली आहे. त्या येत्या सोमवारी रुजू होतील."

हे कुणी विचारलंच नव्हतं. प्रश्नात 'किती दिवस' होतं, 'कोणी तपासले' होतं. पुढे काय, हा शब्दही नव्हता. मास्टरमोशाई अर्धवट उठलेले, उभेच राहिले. अध्यक्षांनी विचारलं, "पुरवणी प्रश्न?" त्यांनी तोंड उघडलं, आमच्या सज्जाकडे पाहिलं आणि म्हणाले, "नाही." त्यांच्या सबंध कारकिर्दीतलं ते सर्वांत छोटं भाषण.

आईने टाळी वाजवली नाही. वाकली मात्र, कठड्यावरून चांगली खाली वाकली. शिपायाने तिच्या खांद्याला हलकेच बोट लावलं तरी तिला कळलं नाही. खाली ते टक्कल तसंच समोर वळलेलं होतं. बाबांनी एकदाही वर पाहिलं नाही.

संध्याकाळी बाबा आले, पाय धुतले, पानावर बसले. आईने त्यांना आधी साधं वरण वाढलं, मग त्यांना आवडतात म्हणून केलेली भरली वांगी वाढली, मग न विचारता तुपाची धार वाढवली.  मला राहवेना. मी उभी राहिले, हात मागे बांधले आणि म्हणाले, "मंत्रिमहोदय कृपा करून सांगतील काय, की आज जेवण कसे झाले आहे?"

बाबांनी आईकडे पाहिलं. आई पाणी ओतत होती.

"विचाराधीन आहे," बाबा म्हणाले.

"पुरवणी प्रश्न!" भाऊ ओरडला, आणि आई इतकी हसली की तांब्या खाली ठेवावा लागला. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं ते ती पदराने पुसत राहिली. त्या रविवारी आम्ही चिडियाखान्यात गेलो.

नव्या डॉक्टरीणबाई सोमवारी खरंच आल्या. ठेंगण्या, सावळ्या, चालणं भराभर, हातात त्यांच्याहून मोठी वाटणारी बॅग. बौदींच्या सासूबाईंनी पहिल्याच भेटीला त्यांच्यापुढे संदेश-मिठाईची बशी धरली आणि "आधी हात तरी धुऊ द्या, मा" म्हणून त्यांनी ती बाजूला ठेवली. वैशाखात, भर दुपारी, सगळ्या गल्लीच्या खिडक्या उन्हासाठी बंद असताना बौदींना मुलगी झाली. बाळ पायाळू होतं. दोन तास तरी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या नाहीत. आई आत होती, मी जिन्यात बसून कान टवकारले होते, सासूबाई पायरीवर बसून जपमाळ ओढत होत्या. रडणं ऐकू आलं तेव्हा त्या म्हातारीने मला इतकं घट्ट धरलं की माझी वेणी सुटली. पुढे माशाच्या काथेत गुंडाळलेलं ते गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं गेलं. इतकं हलकं आणि इतकं गरम. मी दिवसभर कुणाला ते घेऊ दिलं नाही. ती मुलगी आता सत्तरीची आहे, गुडघे दुखतात म्हणून कुरकुरते आणि दर पाडव्याला मला फोन करून विचारते, "कळशीचा देव बसवला का?"

हे सगळं मी नातीला सांगितलं. टीव्हीवरचा तास केव्हाच संपला होता. तिने फोन बाजूला ठेवून ऐकलं, ही काही लहान गोष्ट नाही. मग म्हणाली, "आणि पणजोबांना? त्यांना माहीत होतं, की प्रश्न पणजीचा आहे?"

हा तिचा पहिला पुरवणी प्रश्न. चांगला होता, एका ओळीत होता.

मीही तो एकदा विचारला होता. आई तेव्हा जाऊन वर्ष होत आलं होतं. बाबा निवृत्त, कान थोडे मंद, फाल्गुनाच्या सकाळी गॅलरीत उन्हात पाय सोडून बसलेले. खाली रस्ता धुऊन झाला होता. मी त्यांच्याशेजारी शेवग्याची फुलं निवडत होते आणि सहज म्हणाले, "बाबा, दवाखान्याचा तो प्रश्न आईने घातला होता, हे तुम्हाला माहीत होतं?"

"कोणता? पहिला की दुसरा?"

"दोन्ही."

त्यांनी पाय उन्हात आणखी पुढे सरकवले. "पहिल्याच्या बाबतीत, नाही. दुसऱ्याच्या बाबतीत, होय."

मला वाटलं, झालं. विचारलं तेवढं सांगून झालं. मी पुन्हा फुलांकडे वळले. पण ते आईच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होते, आणि त्यांचं बोलणं संपलं नव्हतं.

"वाचल्याबरोबर कळलं," ते म्हणाले. "इतका चोख प्रश्न विचारायला माझ्याबरोबर संसार केलेलं माणूसच हवं. साहेबांकडे गेलो आणि म्हटलं, याचं उत्तर लिहिण्याआधी तिथे डॉक्टर पाठवा, नाहीतर मला घरी जाता येणार नाही."

तेवढं काही मी विचारलं नव्हतं.